नेटवर्क मार्केटिंगमध्ये नवीन आहे, सुरुवात कशी करू? अनुभव असलेल्यांनी सांगा

बार्शीवाला_२६

नमस्कार मंडळी. मी बार्शीचा, वय २६, मेडिकल दुकानात कामाला आहे, पगार १३ हजार. घरी आई वडील आणि बहीण, तिचं बीएस्सीचं दुसरं वर्ष चालू आहे. आमच्या दुकानात नेहमी येणारे एक सर आहेत त्यांनी मला एका डायरेक्ट सेलिंग कंपनीची माहिती दिली, दोन मीटिंग झाल्या, एक सोलापूरला हॉटेलच्या हॉलमध्ये आणि एक झूमवर. प्रॉडक्ट म्हणजे फरशीचं लिक्विड, भांड्याचं लिक्विड, टूथपेस्ट, प्रोटीन पावडर, कोरफडीचा ज्यूस वगैरे. टूथपेस्ट आणि फरशीचं लिक्विड घरी वापरून बघितलं, चांगलं वाटलं, आईलाही आवडलं.

सर म्हणतात १४ हजारांचं पॅकेज ३० तारखेच्या आत घे म्हणजे सुरुवातच वरच्या लेव्हलपासून होईल, मग तू पाच माणसं जोड, ते पाच जण पाच पाच जोडतील, पुढे इन्कम आपोआप चालू होतो. १०० नावांची लिस्ट काढायला सांगितली होती, रात्री बसून काढली पण ६३ वर अडकलो, आणि त्यातली निम्मी नावं मामा, मावशी, आत्या आणि शाळेतली पोरं. त्यातल्या दोघांना फोन केला तर एकजण म्हणाला चेन मार्केटिंग असेल तर मला सांगूच नको, दुसऱ्याने नंतर फोनच उचलला नाही, तेव्हापासून जरा मन खट्टू झालंय.

मला हे मनापासून करायचंय, कष्टाला मी मागे हटणारा नाही, संध्याकाळी ८ नंतरचा वेळ आणि रविवार पूर्ण मोकळा आहे. फक्त ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा की पहिले सहा महिने नेमकं काय करायचं, नातेवाईकांपासून सुरुवात करायची का बाहेरच्यांपासून, आणि १४ हजार घालायचे का नाही. १४ हजार म्हणजे माझा महिन्याच्या वरचा पगार आहे म्हणून विचारतोय.

कोरेगावची_ताई

भाऊ, मी सातारा जिल्ह्यातली, सात वर्षं झाली या लाईनमध्ये, म्हणून सविस्तर लिहिते, वेळ काढून वाच.

पहिली गोष्ट ती १०० नावांची लिस्ट बाजूला ठेव. लिस्ट चुकीची असते असं नाही पण ती कशासाठी काढायची ते चुकीचं शिकवतात. कोण जॉइन होईल याची लिस्ट काढू नकोस, कोणाच्या घरात ही वस्तू महिन्याला संपते याची काढ. मी सुरुवातीचे आठ महिने एकालाही माणसं जोडायचा प्लॅन दाखवला नाही, माझी अपलाईन, म्हणजे माझ्या वरच्या बाई, माझ्यावर नाराज असायच्या, मीटिंगमध्ये उभं करून विचारायच्या तुमच्या खाली किती आले. मी फक्त भांड्याचं आणि फरशीचं लिक्विड घेऊन फिरत होते, आमच्या गल्लीत आणि बचत गटाच्या बायकांमध्ये. पहिल्या वर्षी आठच घरं नेहमीची झाली आणि महिन्याला हातात अकराशे बाराशे रुपये राहायचे. आज ५२ घरं आहेत, एका घराची महिन्याची खरेदी सरासरी ९०० च्या आसपास, माझं मार्जिन वीस टक्के धर, वर कंपनीचं थोडं कमिशन येतं, पेट्रोल आणि फोनचा खर्च वजा करून नऊ ते दहा हजार हातात येतात. हे सात वर्षांनंतरचं सांगतेय. सात महिन्यात कुणी गाडी घेतली असं सांगत असेल तर त्याला ती गाडी कुठल्या मालाच्या विक्रीतून आली ते विचार.

आता काम कसं करायचं ते. एक दोनशे पानी वही कर. एका पानावर एक घर. घरात माणसं किती, काय दिलं, कुठल्या तारखेला दिलं, पैसे आले का. टूथपेस्ट चार माणसांच्या घरात साधारण २५ दिवस जाते, मी २१ व्या २२ व्या दिवशी फोन करते, ताई पेस्ट संपत आली असेल ना, उद्या त्या बाजूला येणारे, आणू का. एवढंच. संपल्यावर फोन केलास तर तोपर्यंत त्या किराणा दुकानातून दुसरी आणून मोकळ्या झालेल्या असतात, आणि एकदा सवय मोडली की परत लावायला तीन महिने जातात. माझा सगळा धंदा त्या चार दिवसांवर उभा आहे असं म्हटलं तरी चालेल.

दुसरं, माल वापरायला शिकव. आमचं फरशीचं लिक्विड घट्ट असतं, अर्ध्या बादलीला एक टोपण पुरतं, पण बायकांना बाजारातलं बदाबदा ओतायची सवय, मग आठ दिवसात बाटली संपते आणि म्हणतात तुमचं महाग पडतं. मी सुरुवातीला हेच ऐकून ऐकून रडकुंडीला आले होते. मग मी प्रत्येक बाटली देताना टोपणाला आतून नेलपॉलिशची एक रेघ मारून द्यायला लागले की इथपर्यंतच, आणि पहिल्या वेळी स्वतः त्यांच्या बादलीत ओतून पुसून दाखवते. तेव्हापासून महाग पडतं ही तक्रार जवळजवळ बंद झाली. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगत नाही, तिथे सगळा वेळ प्लॅनवरच जातो.

तिसरं म्हणजे अंतराचा हिशोब. समज लिक्विडची एमआरपी ३८० आणि तुला ३०४ ला पडतं, म्हणजे बाटलीमागे ७६ रुपये. आता एक बाटली द्यायला तू वैरागला गेलास, येऊन जाऊन पन्नास किलोमीटर, गाडी लिटरला पन्नास देत असेल तर शंभरच्या वर पेट्रोलच गेलं. त्यामुळे पहिलं वर्ष बार्शीच्या बाहेर जाऊच नकोस, दोन गल्ल्या पकड आणि त्या दोनच गल्ल्या नीट कर.

पॅकेजबद्दल माझं मत, घेऊ नकोस. १४ हजारांचा माल घरात आला की तो खपवायची घाई होते आणि घाईत माणूस मामा मावशीच्या गळ्यात मारतो. त्या एकदाच घेतात, तुझ्या तोंडाकडे बघून.

गणिताचे_सर

ताईंनी धंद्याचं सांगितलं, मी फक्त त्या पाचाच्या पाचाचं सांगतो कारण वर्गात मी हे मुलांना घातांक शिकवताना फळ्यावर करून दाखवतो. पहिल्या पायरीला ५, मग २५, १२५, ६२५, ३१२५. इथपर्यंत सोपं वाटतं. दहाव्या पायरीला ९७ लाख ६५ हजार होतात, अकराव्या पायरीला ४ कोटी ८८ लाख, बाराव्याला २४ कोटी ४१ लाख. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख होता. तेराव्या पायरीला १२२ कोटी लागतात आणि त्याच जनगणनेत पूर्ण भारत १२१ कोटी होता, त्यात तान्ही बाळंही आली. आता तू ज्या पायरीवर चढतोयस ती कितवी हे तुला कुणी सांगितलंय का? म्हणून जोडण्यातून इन्कम येणार असं ज्या प्लॅनमध्ये असतं तिथे शेवटच्या पायऱ्यांवरच्या माणसांना खाली माणसं मिळूच शकत नाहीत, त्यांनी कितीही कष्ट केले तरी. आणि सगळ्यात जास्त माणसं त्या शेवटच्याच पायऱ्यांवर असतात. माल विकून येणाऱ्या पैशाला हे गणित लागू नाही, तिथे ताईंचंच बरोबर आहे.

नाशिकरोड_८८

भावा मी हे लिहू का नको असं चाललं होतं पण तुझं वय बघून लिहितोय. मी २०१८ ला एका बायनरी प्लॅनमध्ये गेलो होतो, कंपनीचं नाव घेत नाही. दोन लेग, म्हणजे आपल्या खाली माणसांच्या दोन रांगा, डावी आणि उजवी, दोन्हीकडची जोडी जुळली तर पैसे. माझा डावा लेग अपलाईनने भरून दिला, उजवा मला भरायचा होता. मी तीन मित्र आणले, प्रत्येकी १२ हजार, तिघंही माझ्या शब्दावर आले, त्यातला एक एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर होता आणि त्याने पतसंस्थेतून उचलून दिले होते.

पहिले चार महिने चेक आला, एकदा ६ हजार, एकदा ९. मग लेव्हल टिकवायला दर महिन्याला ठराविक पीव्ही, म्हणजे मालाच्या खरेदीवरचे पॉइंट, लागायला लागले आणि खाली कुणी माल उचलत नव्हतं, म्हणून मी स्वतःच्या नावावर बिल फाडत गेलो, या महिन्यात लेव्हल गेली तर सगळं जाईल असं प्रत्येक वेळी वाटायचं. वर्षाच्या शेवटी पोटमाळ्यावर प्रोटीनचे १९ डबे होते. एकेक करून एक्सपायर झाले. आईने त्यातले रिकामे करून डाळी भरल्या, अजून आमच्या स्वयंपाकघरात दोन डबे आहेत, बघितलं की पोटात कालवतं.

त्या तिघांचे पैसे मी परत केले, ३६ हजार, महिन्याला दीड हजार करत दोन वर्षं. कुणी मागितले नव्हते, पण माझ्या शब्दावर आले होते ना. दोघं अजून बोलतात, एक नाही बोलत.

तुला एकच सांगतो, ज्या दिवशी गिऱ्हाईक नसताना लेव्हलसाठी स्वतः बिल फाडावंसं वाटेल त्या दिवशी थांब. आणि त्या ३० तारखेला घाबरू नको, ती दर महिन्याला येते.

टीम_लीडर_लातूर

सगळ्यांचा आदर ठेवून माझं वेगळं मत मांडतो. मी नऊ वर्षं या क्षेत्रात आहे आणि मला यानेच उभं केलं, आधी चार माणसांपुढे बोलताना माझा घसा कोरडा पडायचा. टीम बांधणं म्हणजे पाप नाही. पण मीही मान्य करतो की नवीन मुलाला पहिल्याच महिन्यात टीम बांधायला पाठवतात ते चुकीचं आहे, ज्याने स्वतः वीस घरी माल विकला नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार. माझ्या टीममध्ये मी आता नियमच केलाय, आधी वीस नेहमीची गिऱ्हाईकं मग प्लॅन दाखवायचा.

आणि एक फार महत्त्वाचं. कुणालाही चहाला ये, जरा भेटू, एक काम आहे असं सांगून मीटिंगला नेऊ नकोस. मी सुरुवातीला हेच केलं कारण असंच शिकवलं होतं, आणि माझा चुलतभाऊ हॉलमध्ये बसल्यावर माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ते मी विसरू शकत नाही. फोनवरच सांगायचं, मी अमुक कंपनीचा माल विकतो, घरगुती वस्तू आहेत, दाखवायला दहा मिनिटं येऊ का. नाही म्हणाला तर बरं म्हणायचं आणि दुसऱ्या विषयावर बोलायचं, परत परत विचारायचं नाही. तुझ्या ज्या मित्राने नाही सांगितलं ना, त्याच्याशी आधीसारखा बोलत राहा, त्याला कधीतरी स्वतःहून टूथपेस्ट विचारावीशी वाटेल.

पॅकेजच्या बाबतीत मी ताईंइतका कडक नाही, ज्याच्याकडे आधीच गिऱ्हाईक आहे त्याने स्टॉक घेतला तर चालतो. तुझ्याकडे अजून नाही, त्यामुळे तुझ्यासाठी नको हे बरोबर.

टॅक्सवाली_कोल्हापूर

मी टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसला काम करते, डायरेक्ट सेलिंगवाल्यांची रिटर्न दरवर्षी आमच्याकडे असतात, त्यामुळे कागदाचं मी सांगते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या खाली डायरेक्ट सेलिंगचे वेगळे नियम २८ डिसेंबर २०२१ ला आलेत. त्यात स्पष्ट आहे की कंपनी विक्रेत्याकडून एंट्री फी किंवा रिन्यूअल फी घेऊ शकत नाही, डेमोचं सामान घ्यायची सक्ती करू शकत नाही, आणि नुसतं माणूस जोडला म्हणून कुणालाही पैसे किंवा फायदा देऊ शकत नाही. म्हणून तुमच्या सरांना सरळ विचारा की पॅकेज घेतल्याशिवाय विक्रेत्याचा आयडी मिळतो का, आणि मला पैसे मालाच्या विक्रीवर मिळणार का जॉइनिंगवर. उत्तर तोंडी नको, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. करार लेखी मागा, त्यात कूलिंग ऑफ किती दिवसांचा आहे ते बघा, तेवढ्या दिवसात दंड न भरता बाहेर पडता येतं. न खपलेला माल कंपनी परत घेते का, कुठल्या अटीवर, सील फोडलेला चालतो का, हेही त्यातच शोधा. तक्रार अधिकाऱ्याचं नाव नंबर कंपनीच्या वेबसाईटवर असायलाच हवा.

विकायला जाताना तुमच्याकडे कंपनीचं ओळखपत्र पाहिजे आणि आधी विचारूनच घरी जायचं, हेसुद्धा नियमात आहे. आणि गिऱ्हाईकाला असं सांगू नका की अजून दोघांची नावं द्या म्हणजे तुमचे पैसे वसूल होतील, त्याला मनाई आहे.

माल नुसता नावाला आणि पैसे माणसं जोडण्याचेच असतील तर ते मनी सर्क्युलेशनमध्ये जातं, त्यावर १९७८ पासून बंदी आहे. त्या कायद्यात योजना चालवणाराच नाही तर त्यात मेंबर होणारा, भाग घेणाराही येतो आणि ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून सांगते की मला माहीत नव्हतं म्हणून सुटता येत नाही.

तुम्ही मेडिकलमध्ये आहात म्हणून हे जास्त जपा. प्रोटीन पावडर आणि कोरफडीच्या ज्यूसने शुगर बरी होते, गुडघे बरे होतात, गोळ्या बंद होतात असं मीटिंगमध्ये सर्रास सांगतात. मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपायांच्या जाहिरातींवरच्या कायद्याने बंदी आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून केली तरी ती जाहिरातच. माझ्या सासऱ्यांनी असंच कुणाचं तरी ऐकून तीन आठवडे शुगरच्या गोळ्या थांबवल्या होत्या, मग ॲडमिट करावं लागलं. तुमच्या शब्दाला लोक औषध दुकानातला माणूस म्हणून जास्त मानतील, त्यामुळे डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा खात्याचा, १४ आकडी नंबर आहे का बघा, आणि डब्यावर जेवढं छापलंय तेवढंच बोला.

कमिशनवर टीडीएस, म्हणजे हातात यायच्या आधीच टॅक्स, कापला जाऊ शकतो, पॅन आधी द्या नाहीतर जास्त कापतात. रिटर्न भरलं की बसत असेल तर परत मिळतो, बरेच जण भरतच नाहीत आणि ते पैसे सोडून देतात.

बार्शीवाला_२६

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. नाशिकरोडच्या दादांचं वाचून रात्री झोप लागली नाही.

काल सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं. आधी फोनच आला, मग मी म्हटलं सर लिहून पाठवा, मला घरी दाखवायचंय. मग लिहून आलं की आयडी कंपनीच्या वेबसाईटवर फुकट निघतो, पॅकेज कंपल्सरी नाही पण घेतलं नाही तर ग्रोथ होणार नाही. कराराची पीडीएफ मी स्वतः वेबसाईटवरून काढली, कूलिंग ऑफ ३० दिवस आहे, सील न फोडलेला माल परत घेतात असं लिहिलंय. कमिशन विक्रीवरच दिसतंय पण मीटिंगमध्ये वेगळंच सांगत होते, त्यावर अजून स्पष्ट उत्तर आलेलं नाही.

पॅकेज घेत नाहीये. सहा टूथपेस्ट आणि चार फरशीची लिक्विड एवढंच घेतो, दोन हजारांच्या आत बसतंय. प्रोटीन आणि ज्यूसला हातच लावणार नाही, दुकानाचे मालक पण म्हणाले की इथे काउंटरवर ते बोलायचं नाही, आणि मला ते पटलं. आमची गल्ली आणि मागची गल्ली मिळून चाळीसेक घरं आहेत, आईच्या भिशीत बारा बायका आहेत तिथे रविवारी फरशी पुसून दाखवतो. वही आणली.

ताई एकच विचारायचं राहिलं. आमच्या गल्लीत सगळे म्हणतात ठेवून जा, पगार झाला की देतो. आईच्या ओळखीचे असतात, नाही कसं म्हणायचं? आणि आत्याने तर दोन बाटल्या आत्ताच सांगून ठेवल्यात, पैशाचं काही बोलली नाही.

कोरेगावची_ताई

दोन हजारात सुरुवात केलीस ते छान केलंस.

उधारीचं ऐक, माझे पहिल्या वर्षी ४,३०० रुपये असेच अडकले होते आणि त्यातले ९०० आजपर्यंत आले नाहीत, जवळच्याच माणसांचे. पूर्ण नाही म्हणता येत नाही हे खरंय, लोकांचा पगार ठरल्या तारखेला होतो, त्यांचीही अडचण असते. मी एवढंच करते की पहिली वस्तू उधार देते पण तारीख त्यांच्याच तोंडून घेते आणि त्यांच्यासमोर वहीत लिहिते, पाच तारीख म्हणालात ना, लिहिलं हं. समोर लिहिलं की माणूस पाच तारखेला स्वतः हाक मारतो. आणि पहिलीचे पैसे आल्याशिवाय दुसरी देत नाही, मग ती कुणीही असो. म्हणायचं की माल मला पण रोख भरून आणावा लागतो, माझ्याकडे तेवढं भांडवल नाही. तुझ्या बाबतीत ते खरंच आहे, त्यामुळे बोलताना अडखळणार नाहीस.

आत्याला एकच बाटली दे, दोन नको. आणि तिचंही पान वहीत काढ, बाकीच्यांसारखंच.

रविवारी भिशीत जाशील तेव्हा फरशी पुसायला पाणी त्यांच्याच घरचं घे, त्यांचीच बादली, त्यांचंच फडकं. बार्शीत बोअरचं पाणी जड असेल तर फेस कमी येईल, ते आधी आईकडे करून बघ म्हणजे तिथे कुणी विचारलं तर तुला सांगता येईल. झालं की सोमवारी इथे लिही किती बाटल्या गेल्या.